भित्तिचित्रांतील आणि भित्तिशिल्पांतील हास्यपात्रे : वत्सगुल्म-नंदिकट परिसराच्या संदर्भात एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

संस्कृत नाटकातील विदूषकावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. प्रा. गो. के. भट यांचा या विषयावरील ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७९ मध्ये डच पंडित कुइपर यांनी वरुण आणि विदूषक यांचा संबंध जोडून या पात्राचे मूळ वैदिक विधींत शोधण्याचा प्रयत्न केला. तथापि या साऱ्या चर्चेत विदूषकाकडे नाट्यवाङ्मयातील पात्र म्हणूनच पाहिले गेले. तो रंगभूमीवरून उतरून भिंतीवर कधी आला काय, आणि आला असल्यास कोणत्या रूपाने आला, हा प्रश्न मात्र चित्रकलेच्या अभ्यासकांनी नाट्याच्या अभ्यासकांवर आणि नाट्याच्या अभ्यासकांनी चित्रकलेच्या अभ्यासकांवर सोपविलेला दिसतो. परिणाम असा झाला की, वर्णनपर लेखनात भिंतीवरच्या प्रत्येक बुटक्या, पोट सुटलेल्या किंवा दात पुढे आलेल्या आकृतीस ‘विदूषक’ हे नाव सरसकट दिले जाते. हे नामकरण दिसते तितके निरुपद्रवी नाही. चुकीचे नाव एकदा चिकटले की त्या आकृतीचा खरा अर्थ शोधण्याची गरजच उरत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार हिंगोली जिल्हा आणि त्याच्या आसपासचा प्रदेश मध्यवर्ती धरून केला आहे. हा जिल्हा परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. म्हणजे प्रशासकीय घटक या नात्याने त्याचे वय फारच थोडे. परंतु ज्या भूभागात तो वसला आहे, त्याचा इतिहास दीर्घ आहे. उत्तरेस वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, आणि आग्नेयेस नांदेड म्हणजे प्राचीन नंदिकट. या दोन केंद्रांमधला हा पट्टा आहे. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून जो ताम्रपट दिला, त्यात नंदिकटाच्या उत्तरेकडील मार्गातील गावाच्या दानाचा उल्लेख आहे. १९३९ मध्ये उपलब्ध झालेल्या या ताम्रपटामुळेच वाकाटकांची वत्सगुल्म शाखा स्वतंत्र होती हे निश्चित झाले. ते श्रेय महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्याकडे जाते. याच शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याच्या अमलात अजिंठ्याची सोळावी व सतरावी ही लेणी कोरली व रंगविली गेली. म्हणून वत्सगुल्माच्या राज्यात, म्हणजेच आजच्या हिंगोलीच्या भूमीवर ज्यांची सत्ता चालत होती त्यांच्या काळात, भिंतीवर हास्य कसे रंगविले गेले हे पाहावयाचे तर अजिंठ्याकडेच वळावे लागते.

२. शास्त्रकारांची भूमिका

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. नाट्यशास्त्रात विदूषकाचे शारीरवर्णन अगदी मोजक्या शब्दांत आले आहे. तो ठेंगू असावा, त्याचे दात पुढे आलेले असावेत, पाठीला पोक असावे, डोक्यावर टक्कल असावे, डोळे पिंगट आणि चेहरा विकृत असावा, असा त्या विधानाचा आशय आहे. त्याच ग्रंथाच्या रसाध्यायात हास्यरसाचा वर्ण श्वेत आणि देवता प्रमथ सांगितली आहे. प्रमथ म्हणजे शिवाचे गण. हास्याचे सहा प्रकारही तेथे येतात : स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीचे, विहसित व उपहसित हे मध्यम प्रकृतीचे, आणि अपहसित व अतिहसित हे अधम प्रकृतीचे. कोण किती मोठ्याने हसतो यावरून त्याचा दर्जा ठरतो, ही त्यामागील कल्पना आहे.

चित्रकलेच्या बाजूने पाहता विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हा सर्वांत महत्त्वाचा आधार होय. हा भाग साधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांतला मानतात. त्यात चित्रांचे नऊ रस सांगताना हास्यरसाच्या चित्रात कुबडे व ठेंगू लोक, काहीसे विकट दिसणारे चेहरे आणि उगाच आखडून धरलेले हात दाखवावेत, असा आदेश आहे. यातला शेवटचा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. केवळ शरीराचे वैगुण्य नव्हे, तर निरर्थक हावभाव हेही हास्याचे साधन म्हणून येथे मान्य केले आहे. दुसरा आदेश त्याहून बोलका आहे. राहत्या घराच्या भिंतीवर शृंगार, हास्य आणि शांत हे तीनच रस रंगवावेत. इतर रस घरात रंगवू नयेत. राजसभेत व देवालयात मात्र सर्व रसांस मोकळीक आहे. याचा अर्थ असा की, चित्रसूत्रकाराच्या दृष्टीने हास्य हा घरात सोबत घेऊन राहण्याजोगा रस होता. करुण, रौद्र वा भयानक यांना उंबरठ्याच्या आत प्रवेश नव्हता, कुबड्या-ठेंगूंना होता.

या दोन शास्त्रांची तुलना केली असता एक फरक स्पष्ट होतो. नाट्यशास्त्र ज्या शारीरलक्षणांनी एक विशिष्ट पात्र घडविते, तीच लक्षणे चित्रसूत्र एका रसाची सर्वसाधारण सामग्री म्हणून वापरते. चित्रसूत्राच्या या विधानात विदूषकाचे नाव नाही. नाटकात ठेंगूपणा हा माधव्याचा वा मैत्रेयाचा गुण असतो. चित्रात तो कोणाचाही असू शकतो. भिंतीवरील आकृतींना नाव देताना ही मर्यादा विसरून चालणार नाही.

३. अजिंठा : वामन आणि जूजक

अजिंठ्याच्या भिंतींवर, छतांवर आणि स्तंभशीर्षांवर ठेंगू आकृती विपुल आहेत. त्यांतील बऱ्याच आकृती अलंकरणाचा भाग आहेत : स्तंभशीर्षांवर भार पेलणारे, छताच्या चौकटीत वाद्ये वाजविणारे, वेलबुट्टीत अडकलेले. दुसरा गट अंतःपुरातील सेवकांचा. सतराव्या लेण्यात आरशात पाहणाऱ्या राजस्त्रीच्या प्रसिद्ध चित्रात दासींच्या जोडीला एक ठेंगू परिचारिका आहे. राजवाड्यात वामन व कुब्ज सेवक ठेवण्याची चाल संस्कृत वाङ्मयात सर्वत्र दिसते, आणि चित्रकाराने ती जशी पाहिली तशी रंगविली आहे. या आकृतीकडे पाहून कोणी हसावे अशी चित्रकाराची अपेक्षा दिसत नाही. तिचे काम ती निमूटपणे करीत आहे. येथे सतराव्या शतकातील स्पेनच्या दरबारी चित्रकाराचे, वेलास्केथचे स्मरण होते. राजाच्या मनोरंजनासाठी ठेवलेल्या ठेंगू माणसांची त्याने जी चित्रे रंगविली, त्यांत चेष्टेचा लवलेश नाही; त्या माणसांची नजर सरळ प्रेक्षकाच्या नजरेला भिडते. अजिंठ्याचा चित्रकार त्याच्या बाराशे वर्षे आधीचा. त्याने हे सेवक एकटे, स्वतंत्र चित्राचा विषय म्हणून रंगविले नाहीत, ते राजस्त्रीच्या पायाशीच आहेत. पण त्यांची टवाळीही केली नाही. म्हणून या दुसऱ्या गटासही हास्यपात्र म्हणणे योग्य होणार नाही.

खरे हास्यपात्र सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात भेटते. ते म्हणजे जूजक ब्राह्मण. विश्वंतर राजपुत्राने दानाच्या व्रतापायी राज्याचा हत्ती देऊन टाकला, म्हणून त्याला वनवास घडला; वनात जूजकाने येऊन त्याची दोन मुले मागितली आणि राजपुत्राने तीही दिली, अशी ही कथा आहे. पाली जातकात जूजक अंगोपांगी कुरूप आहे. माणसाचे अठरा दोष त्याच्या देहात एकवटले आहेत. त्याची तरुण बायको पाणवठ्यावर इतर स्त्रियांच्या टवाळीचा विषय होते, आणि दास-दासी आणून दे म्हणून ती नवऱ्याला घराबाहेर काढते. वाटेत शिकाऱ्याची कुत्री मागे लागल्यावर हा म्हातारा झाडावर चढून बसतो. अखेरीस मुलांचा आजोबा मोल देऊन नातवंडांना सोडवितो, आणि राजवाड्यातील मिष्टान्न अति खाऊन जूजक मरतो. आर्यशूराने संस्कृत जातकमालेत हीच कथा सांगताना हा सारा विनोदी फाफटपसारा गाळला आहे. तेथे तो केवळ एक याचक ब्राह्मण आहे. अजिंठ्याला जातकमाला परिचित होती, कारण तिच्यातील श्लोक दुसऱ्या लेण्यातील चित्रांखाली लिहिलेले आढळले आहेत. असे असूनही सतराव्या लेण्याच्या चित्रकाराने विरळ बोकडदाढीचा, ओबडधोबड चेहऱ्याचा, दात दाखविणारा याचक रंगविला. म्हणजे या व्यक्तिरेखेपुरता तरी त्याचा कल आर्यशूराच्या संयत निवेदनाकडे नसून लोकांच्या तोंडी असलेल्या रांगड्या कथेकडे होता, असे म्हणावयास हरकत नाही.

जूजक आणि नाटकातील विदूषक यांच्यातील साम्य उघड आहे. दोघेही ब्राह्मण, दोघेही कुरूप, दोघेही खादाड. वाकाटकांच्या राज्यात ब्राह्मणांना गावे दान मिळत होती. वर उल्लेखिलेला वाशीमचा ताम्रपट त्याचीच साक्ष देतो. सोळावे लेणे खोदविणारा हरिषेणाचा मंत्री वराहदेव हा स्वतः ब्राह्मण कुळातला. अशा राजवटीत लोभी ब्राह्मणाचे हसे करणारे चित्र बौद्ध विहारात रंगविले गेले, आणि त्याच काळातील राजसभेत खादाड ब्राह्मणाचे हसे करणारी नाटके रंगली, यात विरोध दिसतो तो वरवरचा आहे. दोन्ही ठिकाणी हसे होते ते वर्णाचे नव्हे, लोभाचे. आणि ज्या समाजात दान हे पुण्याचे मुख्य साधन होते, त्या समाजात दान घेणाऱ्याच्या लोभाविषयी बोलण्याची सोय हास्याखेरीज दुसरीकडे फारशी नव्हती.

परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. विदूषक हा राजाचा मित्र असतो. त्याची खादाडी कोणाच्या जिवावर येत नाही. फार तर मोदकांच्या ताटावर येते. जूजक आईबापांपासून मुले तोडतो आणि त्यांना वाटेने मारीत नेतो. त्याच्याकडे पाहून आलेले हसू पूर्ण होण्याच्या आतच विरते. नाट्यशास्त्राची परिभाषा वापरावयाची तर येथे हास्याच्या पोटात करुण आणि भयानक दडलेले आहेत. हा मिश्र भाव इतका परिणामकारक ठरला की, पुढे थायलंडमधील विहारांच्या भिंतींवर ‘चूचोक’ या नावाने हाच जूजक शतकानुशतके रंगविला गेला आणि तेथील प्रेक्षकांचा तो आवडता विनोदी खलपुरुष बनला. म्हणून जूजकाला विदूषक न म्हणता विदूषकाचा काळवंडलेला भाऊबंद म्हणणे अधिक युक्त होईल.

पहिल्या लेण्याच्या छतावरील परदेशी मद्यपींचे चित्र या संदर्भात उल्लेखिले पाहिजे. टोकदार टोप्या व पायमोजे घातलेले हे पुरुष हातांत पेले घेऊन बसले आहेत. फर्ग्युसन यांनी हे इराणच्या दुसऱ्या खुस्रोने दुसऱ्या पुलकेशीकडे पाठविलेल्या वकिलातीशी जोडले होते. आज हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जात असल्यामुळे ते मत टिकत नाही. या चित्रात इतिहासातील एखादा विशिष्ट प्रसंग शोधण्याऐवजी परक्या वेशाच्या माणसांकडे पाहण्याची एक कौतुकमिश्रित, किंचित थट्टेची दृष्टी शोधणे अधिक फलदायी आहे. व्यापारी मार्गांवरच्या प्रदेशात अशी दृष्टी तयार होणे स्वाभाविक होते.

ही चित्रे आज आपल्यापर्यंत पोहोचली आहेत ती अपुरी. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या लंडनमधील आगीत जळाल्या; जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत जो चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, तो म्हणूनच अमूल्य ठरतो. हिंगोली त्या काळी याच संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होते, हे येथे सहज नमूद करतो.

४. वेरूळ : गणांचे हास्य

रंग जेथे नाहीसे झाले तेथे दगड बोलतो. हास्यरसाची देवता प्रमथ, हे नाट्यशास्त्राचे विधान वेरूळच्या शैव लेण्यांत जणू कोरून ठेवले आहे. शिवपार्वतीच्या द्यूतक्रीडेच्या शिल्पपटांत वरच्या भागात देवदंपती सारीपाटात दंग आहेत, आणि खालच्या भागात बुटके गण नंदीला सतावीत आहेत. कोणी त्याचे शेपूट ओढतो, कोणी त्याच्याशी झोंबतो. धुमार लेणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकोणतिसाव्या लेण्यात रावण कैलास हलवितो तो प्रसंग आहे. पर्वत हादरत असता एक गण रावणाकडे पाठ करून त्याला आपला पार्श्वभाग दाखवीत आहे.

हा गण काय करीत आहे? एका महापराक्रमी राजाच्या सर्व सामर्थ्याची तो क्षणात किंमत करीत आहे. देवाने अंगठ्याने पर्वत दाबून जे सांगितले, तेच हा बुटका आपल्या ग्राम्य चाळ्याने सांगतो. नाटकातील विदूषकाचे खरे कार्य हेच होते. थोरांच्या तोंडावर, थोरांना न शोभणाऱ्या भाषेत, खरे बोलणे. म्हणून शारीरलक्षणांच्या नव्हे तर कार्याच्या दृष्टीने पाहिले, तर अजिंठ्याच्या कोणत्याही वामनापेक्षा वेरूळचा हा गण विदूषकाच्या अधिक जवळचा आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अजिंठ्याचा वामन सेवक आहे व हास्यास्पद जूजक एकटा आहे. वेरूळचे गण मात्र समूहाने आहेत, देवाच्या पक्षाचे आहेत, आणि ते हसण्याचा विषय नसून हसणारे आहेत. हसवणारा आणि ज्याला हसावे तो, यांतला हा भेद चित्रसूत्रात नाही. तो शिल्पकारांनी केला.

यादवकाळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकांत, मराठवाड्यात जी असंख्य दगडी मंदिरे उभी राहिली, त्यांत ही परंपरा आक्रसलेली दिसते. ज्यांना सामान्यतः हेमाडपंती म्हणतात त्या मंदिरांच्या स्तंभांवर तुळई पेलणारे कीचक असतात : पोट सुटलेले, गाल फुगविलेले, वजनाने वाकलेले. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे या प्रदेशातील सर्वांत मोठे शैव देवालय. त्याचा खालचा दगडी भाग यादवकालीन असून वरची बांधणी पुढील काळातील आहे. तारकाकृती पायावरील शिल्पथरांनी वेढलेल्या अशा देवालयाभोवती फिरताना हे ध्यानी येते की, वेरूळला ज्यांनी रावणाची टर उडविली त्यांचे वंशज आता ओझ्याखाली गेले आहेत. कीचकाच्या चेहऱ्यावरील वेडेवाकडे भाव अजूनही गमतीचे वाटतात, पण ती गंमत करणारा स्वतंत्र राहिलेला नाही. तो वास्तूचा एक अवयव झाला आहे. म्हणून कीचकालाही विदूषक म्हणता येत नाही.

५. भिंतीवरून पडद्यावर

मग हसविणारा गेला कोठे? तो भिंत सोडून हलत्या चित्रात गेला, असे उत्तर सुचविता येते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात भिंत घोटण्याचे, वज्रलेप तयार करण्याचे आणि चित्राच्या प्रकारांचे सविस्तर वर्णन आहे. त्याच ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचीही व्याख्या येते. हा सोमेश्वर ज्या मुलखावर राज्य करीत होता त्यात मराठवाडाही होता. म्हणजे भिंतीवरचे स्थिर चित्र आणि गावोगाव हिंडणारे सांगते चित्र ही दोन्ही त्या काळी शेजारी शेजारी नांदत होती.

सांगत्या चित्राची परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जिवंत ठेवली. कागदावर रंगविलेल्या पोथ्या, कातडी बाहुल्या आणि लाकडी बाहुल्या ही त्यांची तीन साधने. परंतु हास्यपात्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्राबाहेर आहे. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू या प्रदेशांत चामड्याच्या रंगीत छायाबाहुल्यांचा खेळ करणाऱ्या अनेक कुटुंबांची घरची बोली मराठीचेच एक रूप आहे. तमिळनाडूतील कुटुंबांचा संबंध तंजावरच्या मराठी राज्याशी (१६७४-१८५५) जोडला जातो. रामायणाची कथा ही मंडळी कन्नड, तेलुगू वा तमिळमध्ये सांगतात, आणि खेळ संपल्यावर आपसांत मराठी बोलतात. त्यांच्या खेळात कथेशी संबंध नसलेले एक विनोदी पात्र असतेच. कर्नाटकात त्याचे नाव किळ्ळेक्यात, आणि त्यावरूनच त्या जमातीलाही ते नाव पडले. आंध्रात केतिगाडू व त्याची जोडीदारीण बंगारक्का. तमिळनाडूत उच्चिक्कुडुंबन आणि उळुवत्तलैयन अशी जोडी. रंग काळा, पोट पुढे, नाक चपटे, केस विस्कटलेले, अंगविक्षेप ग्राम्य.

बाहुली हे कातडे कोरून व रंगवून केलेले चित्रच होय. फरक इतकाच की ते दिव्यापुढे हलते. राम, सीता, रावण यांच्या बाहुल्या भारदस्तपणे उभ्या असतात. विनोदी पात्राचे हातपाय मात्र सांध्यांतून भराभर हलतात. चित्रसूत्राने उगाच आखडलेला हात सांगितला होता. येथे तो हात खरोखर हलू लागतो. शिवाय हे पात्र रामायणाच्या काळात राहत नाही. ते गावाच्या सावकाराविषयी, पाटलाविषयी, पावसाविषयी बोलते. वेरूळच्या गणाचे समर्थांना चिडविण्याचे कार्य त्याच्याकडे पुन्हा आलेले आहे. एका जमातीने आपले नावच आपल्या विनोदी पात्रावरून घ्यावे किंवा इतरांनी तिला ते द्यावे, ही घटना नुसती मौजेची नाही. ज्यांना समाजाने कडेला ठेवले त्यांची ओळख त्यांच्या सोंगावरून ठरली, असा तिचा अर्थ आहे.

मराठी मुलखातील प्रयोगपरंपरेत हे कार्य जिवंत माणसांनी केले. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत समाजाच्या कडेची सोंगे बोलती केली. दशावतारातील संकासुर, गवळणीतील पेंद्या आणि तमाशातील सोंगाड्या हे सारे एकाच गोतावळ्यातले. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी नाटक सुरू केले, तेव्हा मंगलाचरणानंतर झाडपाला बांधलेला विदूषक रंगभूमीवर उड्या मारीत येई. पुढे १८८० मध्ये विष्णुपंत छत्रे यांनी सर्कस काढली. तेथपासून रंगीत भित्तिपत्रकांच्या रूपाने हसविणारा पुन्हा गावोगावच्या भिंतींवर चिकटला, आणि लोकांच्या तोंडी ‘विदूषक’ जाऊन ‘जोकर’ आला. युरोपात त्याच सुमारास सर्कशीतील विदूषक हा मोठ्या चित्रकारांचा विषय बनला. पिकासोने १९०५ मध्ये फिरत्या खेळकऱ्यांचे कुटुंब रंगविले, रूओने विदूषकाच्या चेहऱ्यात दुःख पाहिले. त्या चित्रांतला विदूषक एकाकी आहे. आपल्या परंपरेतला हास्यकारी मात्र बहुधा कोणाच्या तरी सोबत असतो : राजाच्या, देवाच्या, बायकोच्या किंवा गावाच्या.

६. हिंगोलीच्या भूमीतील एक कथा

या ठिकाणी हिंगोली जिल्ह्यातीलच एका परंपरागत कथेचा विचार करणे उचित होईल. नरसी हे गाव एका परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मस्थान. तेरला गोरा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, नामदेव कच्चे मडके ठरले, आणि सारे हसले. मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्यास आले. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी रागावून पाय काढण्यास सांगितले, तेव्हा जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांना उत्तर मिळाले. पुढे जेथे जेथे पाय ठेवावेत तेथे तेथे लिंग दिसू लागले, असे परंपरा सांगते. हा प्रसंग संतचरित्रांच्या चित्रांत आणि मंदिरांच्या भिंतींवर वारंवार रंगविला जातो.

या प्रसंगाला विनोदी म्हणण्याची प्रथा नाही, आणि भाविकाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु रचना पाहिली तर ती विदूषकाच्या प्रवेशाचीच आहे. एक म्हातारा अत्यंत अशोभनीय स्थितीत पडलेला आहे. समोरचा शहाणा संतापतो. आणि क्षणार्धात कळते की हास्यास्पद कोण होता. गोरोबांच्या अंगणात नामदेवांना लोक हसले होते. औंढ्यास त्यांना स्वतःचे अज्ञान दिसले. अपहसितापासून स्मितापर्यंतचा हा प्रवास आहे. वेरूळचा गण रावणाचा गर्व उतरवितो, विसोबा भक्ताचा उतरवितात. दोन्ही ठिकाणी साधन एकच आहे : देहाचे उघड अनौचित्य.

७. समारोप

वरील विवेचनातून निघणारी पद्धतीविषयक सूचना थोडक्यात मांडतो. भिंतीवरील विकृताकृतीस नाव देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ती आकृती कथेत काही करते काय? तिचे स्थान मध्यभागी आहे, कडेला आहे, की ओझ्याखाली आहे? आणि ती हसविते, की तिला हसले जाते? केवळ देहाच्या आधारे उत्तर देता येणार नाही. कारण ठेंगू परिचारिका, जूजक, शिवगण आणि कीचक या चौघांचे देह जवळजवळ सारखेच असून चौघांचे अर्थ चार आहेत. पहिली सेवक आहे, दुसरा उपहासाचा विषय, तिसरा उपहास करणारा, आणि चौथा भारवाही. विदूषक हे नाव द्यावयाचेच तर ते तिसऱ्यास द्यावे लागेल, आणि त्याचा वारसा भिंतीवर नव्हे तर किळ्ळेक्याताच्या चामड्यात व सोंगाड्याच्या बोलीत शोधावा लागेल.

या वर्गीकरणाला कलेतिहासापलीकडचेही महत्त्व आहे. चित्रसूत्राने कुबड्या-ठेंगूंना हास्याची सामग्री ठरविले. ते विधान आज आपण निर्विकारपणे वाचू शकत नाही. ज्यांच्या देहावर शास्त्राने हास्याचा शिक्का मारला, त्यांना चित्रकारांनी व शिल्पकारांनी प्रत्यक्षात कसे वागविले, हे पाहणे म्हणजे शास्त्र आणि कारागीर यांतील अंतर मोजणे होय. ते अंतर लहान नाही. आरसा पाहणाऱ्या राजस्त्रीच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या ठेंगू परिचारिकेला चित्रकाराने हास्यास्पद केले नाही. शास्त्राची आज्ञा हाताशी असताना तो थांबला. यादवकालीन मंदिरांच्या शिल्पांच्या नोंदी करताना, आणि विशेषतः हिंगोली-परभणी-नांदेड या पट्ट्यातील लहान देवालयांच्या नोंदी करताना, आमच्या विद्यार्थ्यांनीही प्रत्येक बुटक्या आकृतीपुढे तितकेच थांबावे, आणि मगच तिला नाव द्यावे.